रिॲक्टरची चाल ओळखताना

रासायनिक रिॲक्टर सरळ हिशेबाला बधत नाही. उष्णता सोडणाऱ्या अभिक्रियेत थंडाव्याचे पाणी जरा कमी केले, तर कधी तापमान अंशभर चढून थांबते. कधी मात्र वाढलेले तापमान अभिक्रियेचा वेग वाढवते, त्यातून आणखी उष्णता निघते आणि सगळे हाताबाहेर जाते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, डॉ. भास्कर दत्तात्रय कुलकर्णी यांनी या अरेषीय वागण्याचा पिच्छा पुरवला. १९८८ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

पण चालू कारखान्यात नेमके समीकरण बहुधा हाती नसतेच. उत्प्रेरक कसा थकतो, किण्वनाच्या टाकीत बुरशी काय करते, हे कोण लिहून देणार? १९९० मध्ये नरेंद्र आणि पार्थसारथी यांनी दाखवले, की काय आत गेले आणि काय बाहेर आले एवढ्या नोंदींवरून न्यूरल नेटवर्क यंत्रणेची चाल शिकू शकते. १९९६ मध्ये संजीव तांबे, कुलकर्णी आणि देशपांडे यांचे रासायनिक अभियांत्रिकीतल्या न्यूरल नेटवर्कवरचे पुस्तक आले.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते २००२ चे काम. ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्ल बनवणाऱ्या किण्वनासाठी तांबे-कुलकर्णी यांच्या गटाने जेनेटिक प्रोग्रॅमिंग वापरले. न्यूरल नेटवर्कचे शहाणपण आकड्यांच्या जाळ्यात दडलेले राहते. जेनेटिक प्रोग्रॅमिंग बेरीज, गुणाकार, घात यांची जुळवाजुळव करत सूत्रांच्या पिढ्या घडवते. नोंदींशी जुळणारी सूत्रे टिकतात, बाकीची गळतात. शेवटी उरते ते कागदावर लिहिता येणारे सूत्र. पाळीवरचा इंजिनिअर ते वाचू शकतो, त्यावर शंका घेऊ शकतो. धोक्याच्या कामात हा अधिकार फार मोठा आहे.

पुढे कुलकर्णी यांची सहकारी व्ही. के. जयरामन यांच्यासह सपोर्ट व्हेक्टर मशीन या नोंदींतून शिकणाऱ्या आणखी एका पद्धतीवरची कामे झाली: २००३ मध्ये केऑटिक यंत्रणांचे नियंत्रण, २००५ मध्ये टेनेसी ईस्टमन या नमुना प्रक्रियेतले बिघाड ओळखणे. अमेरिकेत २०१६ साली ब्रंटन, प्रॉक्टर आणि कुट्झ यांची ‘सिंडी’ पद्धत आली. नोंदींतून मोजक्या पदांचे समीकरण शोधणारी ही पद्धत गाजली. सूत्र वाचता यावे, हा आग्रह पाषाणमध्ये चौदा वर्षे आधी दिसला होता.

कुलकर्णी २०१९ मध्ये गेले. नोंदींवरून चाल शिकण्यातली एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. नीट चालणारा कारखाना एकाच तापमानाभोवती धरून ठेवलेला असतो आणि मुद्दाम हलवून पाहायला उत्पादन विभाग सहसा राजी नसतो. त्यामुळे रिॲक्टर जिथे बिथरतो, नेमक्या तिथल्याच नोंदी सर्वांत तुटपुंज्या असतात.