त्वचेवाटे शिरणारे विष

२०१७ सालच्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यातील कपाशीच्या शेतांत कीटकनाशकांची फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि रोजंदार मजूर विषबाधेने आजारी पडले आणि त्यांपैकी वीसहून अधिक दगावले, तेव्हा दूरच्या पुष्कळ वाचकांनी ही वार्ता आत्महत्यांच्या सदरात जमा केली. कारण या जिल्ह्याचे नाव आणि शेतकऱ्याचे विषप्राशन यांची सांगड वर्षानुवर्षांच्या बातम्यांनी लोकांच्या मनात पक्की करून ठेवली होती. वस्तुतः ही माणसे मरण पत्करायला निघालेली नव्हती; ती आपल्या अथवा धन्याच्या पिकावरील कीड मारण्याचे नित्याचे काम करीत होती, आणि ते करता करताच त्यांच्या शरीरात विष शिरले. शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष पथक नेमून चौकशी केली, आणि पुढे मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, डायफेन्थियुरॉन यांसह पाच कीटकनाशकांच्या विक्रीस यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत साठ दिवसांची मनाई केली.

या प्रकरणात सर्वांत घातक ठरलेला समज असा, की विष अंगात जायचे ते तोंडाने किंवा नाकाने, आणि म्हणून तोंडाला दुपट्टा गुंडाळला की माणूस निर्धास्त झाला. त्या वर्षी कित्येक शेतांत पऱ्हाटी पुरुषभर उंच वाढली होती. अशा दाट झाडोऱ्यात फवारणारा मनुष्य नोझल खांद्याच्या वर धरून पुढे सरकतो, नुकत्याच भिजलेल्या पानांतून छातीने वाट काढतो, पाठीवरच्या पंपाचे झाकण सैल असेल तर त्यातून पाझरणारे पाणी कण्यावरून उतरून कमरेशी साचते, नोझल तुंबली तर ती तोंडाने फुंकून मोकळी केली जाते, आणि मध्येच धुऱ्यावर बसून त्याच हातांनी खर्रा घोटून तोंडात टाकला जातो. बहुतेक सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात, म्हणून ती त्वचेतूनही शिरतात, आणि उष्णतेने त्वचेतील रक्ताभिसरण वाढलेले व अंग घामाने भिजलेले असले म्हणजे अधिकच वेगाने शिरतात. पॅराथिऑन या त्याच कुळातील विषाचे शोषण अमेरिकेतील संशोधकांनी मानवी त्वचेवर मोजले, तेव्हा हाताच्या पुढच्या भागाच्या मानाने कपाळावरून ते सुमारे चौपट आणि वृषणाच्या त्वचेतून जवळजवळ बारापट आढळले. यावरून कमरेखाली ओला झालेला पायजमा दिवसभर अंगावर वागवणे किती जोखमीचे, हे ध्यानात यावे. दुपट्ट्याचा उपयोग मुळीच नाही असे नव्हे, पण तो भिजला की विषाला नाकाशी धरून ठेवणारी पट्टी होतो.

दुसरा समज अनुभवी माणसांचा. कित्येक वर्षे फवारा मारला, आता अंगाला सवय झाली, असे ते मोठ्या विश्वासाने सांगतात. आपल्या मज्जातंतूंचा निरोप अ‍ॅसिटिलकोलिन या द्रव्याच्या द्वारे पोहोचतो, आणि निरोप पोहोचताच ते द्रव्य कोलिनएस्टरेज नावाचे विकर नष्ट करते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी विषे या विकरालाच निकामी करतात. त्यामुळे ग्रंथी आणि स्नायू यांना अखंड चेतना मिळत राहते: लाळ, घाम, अश्रू वाहू लागतात, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक होऊन नजर अंधूक होते, मांसपेशी फडफडतात, फुप्फुसे स्रावाने भरतात आणि अखेर श्वसनाचे स्नायू थकतात. तांबड्या पेशींतील हे विकर सावकाश, नव्या पेशी तयार होतील त्या गतीने, भरून येते, आणि त्याला आठवडे नव्हे तर महिने लागतात. म्हणजे आज थोडी डोकेदुखी, चार दिवसांनी पुन्हा फवारणी, पुन्हा थोडी मळमळ, अशा क्रमाने शिल्लक घटत जाते, आणि ज्या दिवशी मनुष्य कोसळतो त्या दिवशी त्याने नेहमीपेक्षा अधिक औषध वापरलेले असतेच असे नाही.

दोन-तीन औषधे एकाच टाकीत मिसळली तर अळी लवकर मरते, ही समजूतही याच जातीची. प्रोफेनोफॉसमुळे शरीरातील जी विकरे निकामी होतात, त्यांपैकी काही सायपरमेथ्रिनसारख्या द्रव्यांचे विघटन करीत असतात. ती गेली की दुसऱ्या विषाचा मुक्काम वाढतो. गुलाबी बोंडअळी बीटी वाणांना दाद देईनाशी झाल्यावर अशी मिश्रणे वाढली, यात शेतकऱ्याची अगतिकता मला स्पष्ट दिसते. परंतु मिश्रण करणाऱ्याच्या शरीराला तिची गणती नाही.

रुग्णालयात नेले की एकच सुई सर्व विषांवर चालते, असेही पुष्कळ लोक मानतात. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषबाधेत अ‍ॅट्रोपिन प्राणरक्षक ठरते आणि त्याच्या जोडीला प्रॅलिडॉक्झिमही देतात; पण डायफेन्थियुरॉन पेशींतील ऊर्जानिर्मितीवर आघात करते, त्यावर विशिष्ट उतारा नाही, आणि तेथे अ‍ॅट्रोपिनचा अकारण मारा अपायकारक ठरू शकतो. म्हणून रुग्णाबरोबर बाटली किंवा पुडी, निदान तिचे वेष्टन, डॉक्टरांच्या हाती पोहोचलेच पाहिजे. एका टाकीत तीन द्रव्ये मिसळली असतील तर तिन्हींची. दूध, तूप, लिंबूपाणी पाजण्यात वेळ दवडू नये. रुग्णास ओकारी करवणे तर विशेष धोक्याचे, कारण द्रावणातील पेट्रोलियमजन्य तेल फुप्फुसांत उतरते. कपडे ताबडतोब उतरवून साबण व भरपूर पाणी यांनी अंग, केस आणि नखे धुणे, हाच शेतावर करता येण्याजोगा खरा उपचार होय, आणि धुणाऱ्याने स्वतःचे हात जपावेत.

वेष्टनावरील त्रिकोणांविषयीही थोडे सांगणे प्राप्त आहे. लाल तेवढे विष, पिवळे मध्यम आणि हिरवे निर्धोक, असे चौरस्त्यावरच्या दिव्यांप्रमाणे ते वाचले जातात. नियमांप्रमाणे लाल आणि पिवळा, दोन्ही रंगांच्या वेष्टनांवर ‘विष’ असाच शब्द असतो. निळ्यावर धोक्याची सूचना, आणि हिरव्यावरही सावधगिरीची. शिवाय ही प्रतवारी तात्काळ विषारीपणाची आहे, महिनोन्महिने साचणाऱ्या परिणामाची नव्हे.

राहिला शेवटचा समज, की हे सारे मजुराच्या अज्ञानामुळे व हयगयीमुळे घडले. हातमोजे आणि अंगरखा यवतमाळच्या दमट उन्हात तासभरही सहन होत नाहीत, आणि रोजंदाराला ते विकत घेणे परवडत नाही. हे ठाऊक असून दोष त्याच्या पदरी टाकणे मला अन्यायाचे वाटते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणी करणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीची, आणि सेंद्रिय फॉस्फरस व कार्बामेट वर्गातील विषे हाताळणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनएस्टरेज दरमहा मोजण्याची स्पष्ट तजवीज आहे. आज एका धन्याच्या, उद्या दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसाचे हे मोजमाप कोणत्याही एका धन्याकडून होणे नाही. ते काम प्राथमिक आरोग्य केंद्राकडेच सोपवले पाहिजे. विकराची स्वाभाविक पातळी माणसागणिक निराळी असल्यामुळे पहिला नमुना हंगामापूर्वी, जूनमध्येच घ्यावा, त्याची नोंद मजुराच्या हाती कार्डावर द्यावी, पुढे दरमहा तिच्याशी ताडून पाहावे, आणि पातळी घसरलेली आढळेल त्याला ती भरून येईपर्यंत फवारलेल्या शेताबाहेरचे काम तेवढ्याच मजुरीवर मिळावे.