वाचलेला ओढा, बुडालेले खोरे

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, टॅमलपायस डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या म्यूर वुड्स या रक्षित वनात रेडवूड क्रीक नावाच्या ओढ्याच्या एका काठाने जाऊन, पूल ओलांडून दुसऱ्या काठाने परतणारी सपाट वाट आहे. कोणत्या पुलावरून वळावे त्यानुसार ही फेरी अर्ध्या ते दीड तासात पुरी होते. वाटेलगत काही रेडवूड वृक्ष गोल कडे करून उभे दिसतात. मूळ वृक्ष मेला तरी त्याच्या बुंध्याभोवती फुटलेले धुमारे वाढत राहतात आणि मधली जागा रिकामी ठेवून तेच पुढे महावृक्ष होतात. कोरड्या उन्हाळ्यात समुद्रावरचे धुके पानांवर साचून थेंबाथेंबाने त्यांच्या मुळांशी ठिबकते.

ही दरी आज पाण्याखाली गेलेली नाही, त्याचे श्रेय विल्यम केंट यांच्या एका दानपत्राला जाते. त्यांनी व त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी 1905 मध्ये येथील 611 एकर जमीन 45,000 डॉलरना घेतली. 1907 च्या अखेरीस एका खाजगी पाणीपुरवठा कंपनीने ओढ्यावर जलाशय बांधण्यासाठी त्यातील 47 एकर सक्तीने संपादन करण्याचा दावा लावला, तेव्हा केंट यांनी 295 एकर वन थेट संघराज्य सरकारला देऊन टाकले. सरकारी झालेली जमीन अशा दाव्याने घेता येत नाही, हे त्यांनी नेमके हेरले होते. 1906 च्या पुरावास्तू कायद्याने अध्यक्षांना केवळ घोषणेने ‘राष्ट्रीय स्मारक’, म्हणजे संरक्षित सरकारी भूमी, ठरवण्याचा अधिकार दिला होता. त्यानुसार थिओडोर रूझवेल्ट यांनी 9 जानेवारी 1908 रोजी घोषणा केली. स्मारकाला केंट यांचे नाव देण्याची रूझवेल्ट यांची इच्छा होती, पण केंट यांनी नम्र नकार देऊन निसर्गरक्षक जॉन म्यूर यांचेच नाव कायम ठेवले.

पाचच वर्षांनी, योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील हेच हेची नावाच्या खोऱ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यासाठी धरण बांधण्याचा जुना प्रस्ताव निर्णयाला आला. म्यूर त्याविरुद्ध जिवाच्या आकांताने लढत असताना, प्रतिनिधिगृहाचे सदस्य झालेले केंट मात्र त्याच्या बाजूने उभे राहिले आणि 1913 मधील एका पत्रात त्यांनी एका सहकारी सदस्याला कळवले की, आपले मित्र म्यूर यांचे म्हणणे फार मनावर घेऊ नये, कारण त्यांना समाजाचे भान नाही. त्याच वर्षी धरणाचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी म्यूर वारले.

याला विश्वासघात म्हणणे सोपे आहे, परंतु पुरते खरे नाही. केंट यांचा विरोध धरणांना नव्हता, तर पाण्यावरील खाजगी मक्तेदारीला होता. म्हणून कंपनीचे धरण त्यांनी अडवले आणि नगरपालिकेचे उचलून धरले. हा विचार सुसंगत खरा, पण त्यात खोऱ्याची बाजू मांडणारे कोणीच उरत नाही. धरणाची मालकी लोकांकडे असल्याने हेच हेची कमी बुडाले नाही, आणि रेडवूड क्रीकच्या पुलावर उभ्या राहणाऱ्याला पायाखाली जे वाहते पाणी दिसते, ते केंट यांच्या तत्त्वाने नव्हे, तर दावा लावणारी कंपनी खाजगी होती या योगायोगाने मोकळे राहिले आहे.