हजेरीपटावरची माणसे

काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एक बाई खाते उघडण्यासाठी आली. कल्याण स्थानकाजवळ, रुळांच्या कडेला तिचे पाल होते. पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचे असे विचारताच ती म्हणाली, "आज हितं हाय, पावसाळ्यात दुसरीकडं." मी तिला परत पाठविले. नियमच तसा आहे, असे मनाला सांगितले. मात्र तिच्या गाठोड्याकडे माझी नजर पुन्हा पुन्हा का वळत होती, ते कोणत्या नियमात बसत होते? या प्रश्नापायीच मी युरोपातील रोमा लोकांचा इतिहास वाचू लागलो.

ज्यांना जगाने 'जिप्सी' म्हणून हिणविले ते रोमा सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्याच देशातून पश्चिमेकडे गेले, हे त्यांच्या भाषेवरून दिसून येते. पाण्याला ते 'पानी', कानाला 'कान', माणसाला 'मनुष' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीने व तिच्या साथीदारांनी या समाजाची किमान दोन लाख माणसे मारली. काही अभ्यासक हा आकडा पाच लाखांपर्यंत नेतात. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्विट्झ येथे उरलेल्या सुमारे ४,३०० रोमा स्त्री-पुरुष व बालकांना विषारी वायूने ठार करण्यात आले.

विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे ते असे की, मारेकऱ्यांना नावे शोधावी लागली नाहीत. म्युनिचचे पोलीस १८९९ पासूनच 'जिप्सीं'च्या नोंदी ठेवीत होते. १९३५ मध्ये कोलोन शहराने त्यांच्यासाठी वेगळी छावणी उभारली, तेव्हा युद्ध सुरू झालेले नव्हते. शहरवासीयांना हे लोक डोळ्यांसमोर नको होते, एवढेच.

बरे, हे पाप एकट्या हिटलरचे म्हणावे तर तसेही नाही. फ्रान्समध्ये, म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुता या घोषणेच्या माहेरघरी, १९१२ च्या कायद्याने भटक्यांना शरीराची मापे व बोटांचे ठसे असलेली ओळखपुस्तिका बाळगावी लागे. ६ एप्रिल १९४० रोजी, जर्मन फौजा फ्रान्समध्ये शिरण्यापूर्वीच, तेथील सरकारने युद्धकाळापुरती भटक्यांना हिंडण्याची बंदी केली. हिंडतो तो हेर असू शकतो, ही शंका! देश मुक्त झाल्यावरही काही कुटुंबे १९४६ पर्यंत छावणीतच होती.

आता आपल्याकडे पाहू. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये सुधारून मुंबई इलाख्यालाही लागू झाला. ठसे, नोंदवही, परवाना, हजेरी सारे त्यात होते. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसे ठेवली जात व गिरण्यांत कामाला लावली जात. भारतीय शिपाई परदेशी रणांगणावर फॅसिझमशी लढत होते, त्या काळातही ही हजेरी चालूच होती. गॅसकोठडी येथे नव्हती, हा फरक फार मोठा आहे आणि तो विसरू नये. परंतु जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याची रीत एकच होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ ते १९३० या काळात मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीचे सदस्य होते. या समितीचे अध्यक्ष स्टार्ट हे पूर्वी याच वसाहतींचे अधिकारी होते. पुढे १९४८ च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी अस्पृश्य व आदिवासी यांच्याबरोबर गुन्हेगार ठरविलेल्या जमातींचाही हिशेब हिंदू संस्कृतीपुढे मांडला. आपल्या समाजबांधवांनी ती प्रस्तावना अवश्य वाचावी.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, पण मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. जर्मनीतही असेच घडले. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या संघीय न्यायालयाने १९४० ची रोमांची हद्दपारी वंशद्वेषाची नव्हे, सुरक्षेची बाब ठरवून भरपाई नाकारली. तो वंशसंहारच होता हे सरकारने मान्य केले १९८२ मध्ये.

लोकांच्या मनातील नोंदवही तर कोणी रद्दच केली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना 'मुले पळविणारे' समजून जमावाने ठेचून मारले. तेथे कसले युद्ध होते?

राहता राहिली ती बाई. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत 'लघु खाते' नावाची सोय आहे. पत्त्याचा पुरावा नसला तरी फोटो आणि अधिकाऱ्यासमोर केलेली सही वा अंगठा यांवर, शिलकीची मर्यादा घालून, ते उघडता येते. हे मला त्या दिवशीही ठाऊक होते. दोन दिवसांनी मी रुळांकडे जाऊन आलो. पाले उठली होती.