सम चुकवते कोण?

संगणकावर गाणे करण्याचे खूळ आता घरोघर शिरले आहे. एक लॅपटॉप, त्याला जोडलेली ऑडिओ इंटरफेस नावाची डबी, एक मायक्रोफोन आणि हेडफोन एवढ्या भांडवलावर, भिंतींना गोधड्या टांगून, मुले गाणी ध्वनिमुद्रित करतात. चांगली करतात, हेही सांगितले पाहिजे. पण या घरगुती स्टुडिओत एक भांडण हमखास होते. गाणारा म्हणतो, मी तालात होतो. ऐकणारा म्हणतो, नव्हतास!

आमच्या कॉलेजातल्या दोघांचे असेच झाले. गीताचे शब्द माझे, म्हणून मला बोलावणे आले. चाल बांधणारा मुलगा तबला शिकलेला. त्याने ठेका आधीच मुद्रित करून ठेवला होता. तो हेडफोनवर ऐकत मुलीने गायचे. गाणे लावून पाहिले तर प्रत्येक ओळ समेच्या मागे. "सर, हिची लय कच्ची आहे. दुसरी गायिका बघू या," असे त्याने तिच्यादेखत सांगितले. दहा वर्षे गाणे शिकलेली मुलगी ती. काही बोलली नाही. हेडफोन काढून तिने टेबलावर ठेवले, एवढेच.

मला एक गोष्ट खटकली. ज्याची लय कच्ची तो कधी मागे रेंगाळतो, कधी पुढे धावतो. इथे पहिल्या ओळीला जेवढा उशीर, तेवढाच शेवटच्या ओळीला. इतका इमानी उशीर माणसाला जमत नाही.

हा उशीर येतो कसा, ते पाहण्यासारखे आहे. संगणक आवाजाचे सेकंदाला बहुधा ४४,१०० नमुने घेतो आणि ते सुटे न हाताळता गठ्ठ्यांनी हाताळतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. १०२४ नमुन्यांचा गठ्ठा भरायला २३ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक, बाहेर जाताना एक, म्हणजे ४६. हवेतून ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा साथीदार सोळा मीटरांवर बसल्यासारखेच हे झाले. मिनिटाला ३२० मात्रांच्या द्रुत लयीत तो पाव मात्रेचा फरक! गठ्ठा १२८ चा केला की एका बाजूचा उशीर तीन मिलिसेकंदांवर येतो. मात्र संगणकाची धावपळ वाढते आणि तो दमला की आवाजात कटकट ऐकू येते.

हे दुखणे नवे नाही. टेपच्या काळी मुद्रण करणारे हेड आणि ऐकवणारे हेड यांत अंतर असे. सेकंदाला पंधरा इंच धावणाऱ्या फितीवर दोन इंचांचे अंतर म्हणजे १३३ मिलिसेकंद. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल याला अँपेक्स कंपनीने १९५७ साली आठ ट्रॅकचे यंत्र दिले, त्यात मुद्रणाच्या हेडवरूनच जुना ट्रॅक ऐकवण्याची सोय होती. उशीर मुळातच काढून टाकला!

बफरचा उशीर सॉफ्टवेअरला ठाऊक असतो आणि मुद्रित आवाज तेवढा मागे सरकवून ते तो भरून काढते. आमच्या मुलीच्या कानांवर मात्र बिनतारी ब्लूटूथ हेडफोन होते. ते आवाजाची गाठोडी बांधून पाठवतात, पलीकडे सोडतात. त्या व्यवहाराचा पुरता हिशेब सॉफ्टवेअरकडे नसतो. मी मुलाला म्हटले, "तो हेडफोन मायक्रोफोनला टेकवून नुसता ठोका मुद्रित कर." ठोका १८० मिलिसेकंद उशिरा आला. मग मुलीचा मुद्रित आवाज १८० मिलिसेकंद मागे सरकवला आणि ओळी एकामागून एक समेवर येऊन बसल्या. मुलगा बराच वेळ पडद्याकडेच पाहत राहिला. "सॉरी ग," तो म्हणाला. त्यानंतर तारेचे हेडफोन आले.

पुढचे संकट माझ्या शब्दांवर आले. आवाज कुठे उघडायचा, कुठे मिटायचा याची रेषा पडद्यावर आखून ठेवता येते. तिला ऑटोमेशन म्हणतात. ओळींमधला पंख्याचा आवाज झाकण्यासाठी मुलाने दर ओळीच्या आरंभी आवाज उघडला होता. परिणाम असा की माझ्या 'कळसा'चा 'क' गेला आणि देवळावर चक्क 'आळस' चमकू लागला! कवीने हे किती सोसावे?

काही सॉफ्टवेअर अशी आज्ञा नेमक्या नमुन्यावर न पाळता पुढच्या गठ्ठ्याच्या तोंडाशी पाळतात. पारख सोपी आहे. एका ठोक्यावर आवाज एकदम उघडायचा, ती फाइल काढायची आणि लहर मोठी करून अंतर मोजायचे. बफर बदलल्यावर अंतर बदलले, तर दोष गठ्ठ्याचा. बदलले नाही, तर एखादा प्लगइन पुढचा आवाज आधी न्याहाळण्यासाठी स्वर अडवून धरतो आहे का, ते एकेक बंद करून पाहायचे. आणि रेषा आखलेली नसून गाणे ऐकत हाताने ओढलेली असेल, तर उशीर हाताचाच. कानाने ऐकून बोट हलायला दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात.

आमचा दोष गठ्ठ्याचा निघाला. रेषेचे टोक तीस मिलिसेकंद आधी घेतले, तिला थोडा उतार दिला आणि 'क' परत आला.

दुसऱ्या कडव्यात मात्र एके ठिकाणी मुलीची सम खरोखरच चुकली होती. ती तिनेच दाखवली आणि तेवढी ओळ पुन्हा गायली.