भौतिक मूल्ये व कार्यसमरसता

भौतिक मूल्ये व कार्यसमरसता : पैसा, मालमत्ता व उपभोग्य वस्तू यांचा संचय हे जीवनाचे मध्यवर्ती उद्दिष्ट, सुखाचे साधन आणि यशाचे गमक मानणाऱ्या मूल्यांस भौतिक मूल्ये म्हणतात. मार्शा रिचिन्स व स्कॉट डॉसन यांनी १९९२ मध्ये रचलेली मापनश्रेणी याच तीन घटकांवर आधारलेली आहे. कामगाराने शरीर, बुद्धी व भावना या तिहींनी आपल्या कामात गुंतणे म्हणजे कार्यसमरसता होय. ही संकल्पना विल्यम कान यांनी १९९० मध्ये मांडली. काम अर्थपूर्ण वाटणे, कामाच्या जागी मोकळेपणाने वागण्याची निर्धास्तता असणे आणि त्यासाठी शक्ती शिल्लक असणे, या तिच्या तीन अटी त्यांनी सांगितल्या.

टिम कॅसर व रिचर्ड रायन यांनी १९९३ मध्ये दाखविले, की जे इतर ध्येयांपेक्षा आर्थिक यशाला अधिक महत्त्व देतात, त्यांचे मानसिक स्वास्थ्य कमी असते. यावरून अशा व्यक्तींची कामातील समरसताही कमी असावी, असा तर्क केला जातो. कारण मोबदला हेच साध्य झाले, की काम हे केवळ साधन उरते. तथापि सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. असुरक्षिततेमुळेही पैशाची ओढ वाढते. शिवाय वेतनाची गरज आणि भौतिक मूल्ये या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद रत्नागिरी जिल्ह्यातील गिरणी कामगारांच्या इतिहासावरून स्पष्ट होतो.

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. पुढे या उद्योगाला मोठ्या संख्येने मनुष्यबळ पुरविणाऱ्या जिल्ह्यांत तत्कालीन रत्नागिरी जिल्हा (१९८१ मध्ये वेगळा झालेला सिंधुदुर्ग धरून) अग्रेसर होता. डोंगराळ जमीन, शेतीचे लहान तुकडे, कर्ज व खोती पद्धती यांमुळे पुरुष मुंबईस जात. स्त्रिया व वृद्ध गावी शेती सांभाळीत. चाकरमानी चाळीतील एकाच खोलीत अनेकांसह राहत, खाणावळीत जेवत आणि उरलेली रक्कम मनीऑर्डरने घरी पाठवीत. ते पैशासाठीच काम करीत. परंतु तो पैसा सारा, कर्जफेड, लग्नकार्ये व घरदुरुस्ती यांसाठी असे. त्यात वस्तुसंचयापेक्षा कुटुंबाविषयीचे कर्तव्य प्रधान होते.

शेतीच्या कामांसाठी व सणांसाठी गावी जाणारा हा कामगार कामाशी एकनिष्ठ नाही, अशी तक्रार केली जाई. परंतु १९३१ च्या शाही श्रम आयोगाने गावाशी असलेला संबंध हितकारक मानून तो तोडू नये, असे मत दिले. मॉरिस डी. मॉरिस यांनीही १९६५ च्या ग्रंथात कामगारांच्या अस्थिरतेचे मूळ ग्रामीण वृत्तीऐवजी गिरण्यांच्या व्यवस्थापनपद्धतीत शोधले. भरती जॉबरच्या हाती असे. बदली कामगाराला रोज सकाळी काम मिळेलच, याची शाश्वती नसे. म्हणजेच कान यांनी पुढे सांगितलेल्या अटींपैकी निर्धास्ततेची अट येथे क्वचितच पुरी होई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात वेतनवाढ व बोनस यांच्याबरोबर बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. त्या संपकाळात अनेकांना गावाचाच आधार मिळाला.

इंग्लंडमधील लूटन येथील सधन कामगारांच्या १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही जॉन गोल्डथॉर्प व त्यांच्या सहकाऱ्यांना कामाकडे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी आढळली. पण तेथे ती खाजगी कुटुंबजीवनाच्या राहणीमानाशी निगडित होती. तात्पर्य, वेतनाची अपेक्षा समरसतेस मारक ठरतेच असे नाही. वेतन कशासाठी हवे आहे आणि कामाच्या ठिकाणी कामगाराला स्थैर्य व मान मिळतो की नाही, यांवर ते अवलंबून असते. म्हणून समरसतेच्या अभावाचा दोष कामगाराच्या मूल्यांना देण्यापूर्वी कामाची व्यवस्था तपासणे आवश्यक ठरते.