ना. वि. जगताप यांची कथा

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप. हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. आद्याक्षरं उलटी वाचली की ज. वि. ना. हाती लागतात: जयंत विष्णू नारळीकर. केंब्रिजहून परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झालेले, पद्मभूषण मिळालेले शास्त्रज्ञ. नावाचं वजन कथेच्या पारड्यात पडू नये म्हणून हा खटाटोप. अक्षर ओळखू येईल म्हणून प्रत पत्नी मंगलाताईंच्या हातची. कथा लिहायला घेतली ती अहमदाबादच्या एका परिसंवादात, रटाळ भाषण चालू असताना. (रटाळ भाषणांनी मराठी साहित्यावर केलेला एवढा उपकार दुसरा आठवत नाही.)

परिषद १९६६ची, स्पर्धा १९७०च्या सुमाराची. त्याआधी मराठीत विज्ञानकथा नव्हती असं नाही. ‘केरळ कोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्न विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच येऊन गेला होता, पुढे भा. रा. भागवतांनी तो मुलांच्या हाती दिला. पण वाचकाला अशा कथेची चटक लागली आणि संपादक ती मागून घेऊ लागले, ते नारळीकरांच्या नंतर. त्यांचं ‘यक्षांची देणगी’ हे पुस्तक १९७९मध्ये आलं. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी दिवाळी अंकांत या कथेला हक्काची जागा मिळवून दिली.

माझी तक्रार वेगळी आहे. हे बक्षीस कथेचं, पुस्तकाचं नव्हे. त्यामुळे घाट ठरला तोही कथेचा: एक कल्पना, थोडं स्पष्टीकरण, शेवटी कलाटणी. नारळीकरांची ‘प्रेषित’ किंवा अरुण साधूंची ‘विप्लवा’ यांच्यासारख्या कादंबऱ्या मोजक्याच राहिल्या. आणि अद्भुताचं काय? नारायण धारपांनी विज्ञान, भय, जादू सगळं एकाच लेखणीने लिहिलं. वाचनालयांत त्यांची पुस्तकं झिजून फाटली, समीक्षेने मात्र त्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवलं. ‘विज्ञान’ नाव असलेल्या स्पर्धेत भुताखेतांना जागा नव्हती, हे ठीकच. पण मग त्यांची स्पर्धा कुठली? अमेरिकेतल्या ह्यूगो पुरस्काराने १९५३मध्ये पहिल्याच वर्षी कादंबरी निवडली, आणि पुढे विज्ञान व अद्भुत यांना एकाच पंगतीत बसवलं.

मुळशी तालुक्यातल्या रिहे गावच्या भातखाचरांपासून हिंजवडीचं आयटी पार्क फार लांब नाही. तिथे संगणकासमोर बसणाऱ्या एखाद्या मुळशीकराने चारशे पानांची मराठी अद्भुत कादंबरी लिहिली, तर ती पाठवायची कुठे? चार-पाच पानांची विज्ञानकथा असेल तर परिषदेचा पत्ता आहे. कादंबरीला सर्वसाधारण वाङ्मय पुरस्कारांच्या गर्दीत ग्रामीण, ऐतिहासिक आणि सामाजिक कादंबऱ्यांच्या रांगेत उभं राहावं लागेल.

२०२१च्या नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं, तेव्हा जगतापांच्या कथेला सत्तेचाळीस वर्षं झाली होती. प्रकृतीमुळे ते मांडवात येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले.