लोकलज्जा आणि लग्नाचे कर्ज

वेठबिगारी नष्ट करणारा केंद्र सरकारचा कायदा १९७६ साली संमत झाला. त्यातील व्याख्यांचे कलम वाचताना एका ठिकाणी थबकावयास होते. माणूस कोणत्या कारणांनी वेठीस बांधला जातो हे सांगताना कायद्याने घेतलेली उचल, वाडवडिलांकडून आलेले देणे, विशिष्ट जातीतील जन्म यांच्या पंक्तीला रूढीचे किंवा समाजाचे बंधन हेही कारण नोंदविले आहे. चार लोकांसारखे वागण्याची किंमत माणसाला आपल्या स्वातंत्र्याने चुकवावी लागते, ही गोष्ट कायद्यालाही इतक्या उघडपणे मान्य करावी लागली. ज्यांना हे शब्द पुस्तकी वाटत असतील त्यांनी डहाणू-तलासरीचा इतिहास पाहावा.

या टापूत 'लग्नगडी' नावाची एक संस्थाच होती. वारली तरुणाने लग्नासाठी जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून थोडीशी रक्कम घ्यावयाची आणि तिच्या मोबदल्यात त्याच्याकडे राबावयाचे. लग्नानंतर बायकोही त्याच कामाला जुंपली जाई. हिशेब मालकाच्या वहीत आणि मालकाच्याच अक्षरात असल्यामुळे कर्ज फिटल्याचा दिवस सहसा उगवत नसे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारसाठी सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासींच्या स्थितीची पाहणी केली, तीत या लग्नगड्यांची दखल आहे. गोदावरी परुळेकर यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथाने ती हकीकत मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचविली. मे १९४५ मध्ये तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे किसान सभेच्या झेंड्याखाली हजारो वारली जमले आणि वेठ व लग्नगडी यांना त्यांनी नकार दिला. शतकानुशतकांची म्हणून समजली जाणारी ही पद्धत त्यानंतर पाहता पाहता कोसळली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार होऊन माणसे मेली, हेही विसरता येत नाही.

आता प्रश्न असा की, या गुलामगिरीचे खापर लग्नाच्या खर्चावर फोडावे काय? पांढरपेशा वर्गाला हे उत्तर फार आवडते. गरीब माणूस लग्नात उधळपट्टी करतो, दारूत पैसे घालवितो आणि म्हणून कर्जबाजारी होतो, असे म्हटले की आपली जबाबदारी संपते. १८७५ साली सुप्यापासून दख्खनचे दंगे सुरू झाले तेव्हाही हेच बोलले जात होते. त्या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र लग्नखर्चाला कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेले आहे, असा अभिप्राय दिला. कुणब्याच्या घरात लग्न नेहमी निघत नाही. सारा, बियाणे, बैल आणि व्याज मात्र दरसाल असतात, हा तर्क बिनतोड आहे.

असे असूनही डहाणूच्या गड्याला 'लग्नगडी' म्हणत, 'बीजगडी' किंवा 'बैलगडी' म्हणत नसत, याची संगती लावावी लागते. माझ्या मते तिचे मूळ खर्चाच्या आकड्यात नसून तारखेत आहे. बैल यंदा घेता आला नाही तर शेजाऱ्याशी सावड करता येते. तांदूळ नसला तर कंदमुळांवर महिना निघतो. परंतु लग्न एकदा ठरले, सोयऱ्यांत शब्द गेला, की त्या दिवशी रोकड हातात असावीच लागते. ज्या ग्राहकाला थांबता येत नाही त्याच्याकडून विक्रेता हवा तो भाव वसूल करतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविले जाते. लोकलज्जा माणसाची थांबण्याची शक्ती काढून घेते, आणि सावकार नेमका त्याच क्षणी भाव सांगतो. जवळ शिल्लक असलेला माणूस लोकलज्जेची किंमत पैशात देतो. ज्याच्याजवळ काही नाही त्याला ती स्वतःच्या राबण्यात द्यावी लागते.

विशेष असे की, थांबण्याची सोय वारली समाजाने स्वतःच करून ठेवली होती. स्त्री आणि पुरुष परस्परांच्या संमतीने एकत्र राहू लागत, संसार थाटत, मुले होत आणि चार पैसे गाठीला जमले की मग विधिपूर्वक लग्न लावीत. आईबापांचे आणि मुलाचे लग्न एकाच मांडवात लागल्याची उदाहरणे या भागात नवलाची नाहीत. कोणी सासऱ्याच्या घरी काही वर्षे राबून देज फेडी. लग्न लावावयाला धवलेरी, सुवासिनींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला चौक आणि गावाला जेवण एवढे पुरत असे. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सरसकट लागू नसल्यामुळे कायद्याच्या दृष्टीनेही त्यांची स्वतःची रूढी हाच आधार आहे. आपण ज्याला मागासलेपण म्हणत आलो ती वस्तुतः सावकाराला टाळण्याची एक शहाणी वाट होती. लग्नगडी झाले ते बहुधा ज्यांना ही वाट कोणत्या ना कोणत्या कारणाने बंद झाली ते.

ही वाट आज झपाट्याने बुजत चालली आहे. चारोटी नाक्यावरून जव्हारकडे निघालेल्या रस्त्यावरचे कासा हे आसपासच्या पाड्यांचे बाजाराचे गाव. उन्हाळ्यात या भागातून फिरावे म्हणजे बदल डोळ्यांत आणि कानांतही भरतो. मोठा मंडप, ध्वनिवर्धकांच्या भिंती, हळदीच्या रात्रीचा डीजे, छापील पत्रिका, छायाचित्रणाचा वेगळा ठेका. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्याकडे पूर्वी कोणी वळून पाहत नसे. आता त्यांच्या शिकलेल्या मुलांनाच त्याची लाज वाटते. सामुदायिक विवाह भरविणाऱ्या संस्था खर्च वाचवितात हे मोठेच काम आहे, पण त्यांच्या व्यासपीठावरून एखादा पाहुणा या जोडप्यांना 'समाजमान्यता मिळाली' असे म्हणतो तेव्हा, ती त्यांना त्यांच्या समाजात कधी नव्हती, असा प्रश्न पडतो.

थोडा हिशेब करून पाहू. समजा, एका लग्नाला दीड लाख रुपये लागले आणि मजुरी दिवसाला ४०० रुपये आहे. म्हणजे ३७५ दिवसांची मजुरी झाली. वर्षात २०० दिवस काम मिळते असे धरले, तर एका माणसाची जवळजवळ दोन वर्षांची कमाई, तीही त्याने या दोन वर्षांत एक घासही न खाता साठविलेली. ही रक्कम कोठून येते? काही बचत गटातून, शेळीपालनाच्या नावाखाली, काही सोनाराकडून, आणि बरीचशी वीटभट्टीच्या मालकाकडून उचल म्हणून. पावसाळा सरताच भट्टीवर जावयाचे आणि घेतलेली रक्कम विटांनी फेडावयाची. उचल बहुधा जोडीला मिळते, एकट्या माणसाला नव्हे. मराठवाड्यातील ऊसतोडीत तर नवराबायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. लग्नाने कर्ज निर्माण होते आणि ते फेडणारी मजुरांची जोडीही त्याच मांडवात तयार होते. अशा घरातील धाकटा भाऊ महाविद्यालयाचे दुसरे वर्ष अर्धवट टाकून बोईसरच्या कारखान्यात कंत्राटी कामावर जातो. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे काही आठवडे 'अ' लागतो, मग नावच गळते. त्याची गणना लग्नखर्चात कोणी करीत नाही.

या नव्या थाटाचे माप कोणी ठरविले? भट्टीवर जाणाऱ्यांनी खासच नव्हे. पाड्यातील पहिला नोकरदार, म्हणजे शिक्षक, ग्रामसेवक, कचेरीतला लिपिक, आपल्या मुलीच्या लग्नात जे करतो ते पुढच्या हंगामात पाड्याचे किमान होऊन बसते. त्याच्यापुढेही दुसरे कोणी असतेच. त्याने पतसंस्थेचे कर्ज काढलेले असते, भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचललेली असते, आणि निवृत्त होईपर्यंत पगारातून हप्ते कापले जाणार असतात. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली मांडलेला विचार येथे चपखल बसतो. सगळ्यांनीच टाचा उंचावल्या तर कोणालाच अधिक दिसत नाही. पाय मात्र सर्वांचेच दुखतात. फरक एवढाच की, नोकरदाराचे पाय दुखतात तेव्हा भट्टीवरच्या माणसाचे मोडलेले असतात.

एकट्याने टाचा खाली टेकण्यात धोका असतो, हे मान्य केले पाहिजे. साधे लग्न करणाऱ्या बापाला कंजूष ठरविले जाते, मुलीत काही खोट असावी अशी कुजबुज होते, आणि ती कुजबुज तिला सासरी ऐकावी लागते. म्हणूनच घराघराने केलेला निश्चय टिकत नाही. १८७३ साली जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने अल्पखर्चाचे विवाह सुरू केले, त्यामागे एक संघटना होती. झरीलाही एकटा लग्नगडी मालकाला नाही म्हणाला नव्हता. हजारो एकदम म्हणाले. शिक्षकांच्या संघटना महागाई भत्त्यासाठी एका दिवसात एकत्र येतात. जेवणाच्या पानांची संख्या आणि डीजे यांविषयी एखादा ठराव त्यांच्या तालुका अधिवेशनात आजवर आला असल्यास माझ्या तरी ऐकिवात नाही.

पुढचा हंगाम चैत्रात, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेच्या आगेमागे सुरू होईल. मंडपवाल्याकडे विसार त्याआधीच द्यावा लागतो. भट्ट्या तेव्हा पेटलेल्या असतात, आणि मागच्या लग्नाची उचल अजून फिटलेली नसते.